माझ्या घरातले दोन पैलवान

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची एक टपरी आहे. तिथं बसणाऱ्या रिकामटेकड्यांचा एक जुना वाद आहे. थोरला पैलवान भारी की धाकटा? थोरला म्हणजे माझे मालक. धाकटा म्हणजे माझा पाठचा भाऊ. एक जण म्हणतो, थोरल्याच्या कोपराखाली ज्याची मान सापडली त्यानं घरच्यांची आठवण काढायची. दुसरा म्हणतो, अरे जा, धाकटा कधी वाकला अन् कधी समोरच्याचा पाय उचलला हे बघणाऱ्याला कळत नव्हतं. मग तिसरा दोघांनाही शिव्या देतो आणि आणखी एक चहा सांगतो. त्या चहातलं दूध माझ्या म्हशींचं असतं. मी कॅन टेकवते, माप ओतते, आणि उभी राहून ऐकते. इतकी वर्षं हा वाद चालला आहे, पण एकानंही मला विचारलं नाही, की बाई, तुम्ही दोघांना घरात बघितलं, तुमचं काय म्हणणं?

माझं म्हणणं आहे. ते ऐकून घेण्याची टपरीवर कुणाची तयारी नाही, म्हणून लिहिते.

माझं माहेर मुखेड तालुक्यातलं. वडिलांना शेतीपेक्षा कुस्तीचा नाद मोठा. जत्रांचा हंगाम आला की ते गावोगाव फड बघत हिंडायचे. अशाच एका जत्रेत, कर्नाटकाच्या हद्दीजवळ, त्यांनी मालकांची कुस्ती बघितली. समोरचा पैलवान बीदरकडचा, नावाजलेला, मालकांपेक्षा चांगला रुंद. दुपारी लागलेली जोड दिवस कलला तरी सुटेना. हा त्याला पाडेना, तो ह्याला हलू देईना. शेवटी गावचे पाटील फडात उतरले, दोघांच्या मध्ये उभे राहिले आणि दोघांचे हात धरून वर केले. कुस्ती बरोबरीत सुटली. लोकांनी फेटे उडवले, हलग्या फुटेस्तोवर वाजल्या.

वडील घरी आले ते बोलतच आले, "पोरीचं ठरवून आलो."

आई म्हणाली, "घर बघितलं का? जमीन किती हाय?"

"मान बघितली. अशी मान मराठवाड्यात दुसरी न्हाई."

माझं लग्न एका मानेशी झालं.

ज्या कुस्तीनं मालकांचं नाव झालं ती त्यांनी जिंकलेली नव्हती, हे टपरीवरच्या लोकांच्या ध्यानात येत नाही. जिंकलेल्या पुष्कळ होत्या. पण कुणी विचारलं तर ते सांगायचे ती बरोबरीचीच. म्हणायचे, "पाडायला ताकद लागती. दोघंबी उभे राहून घरला जातात, त्याला इमान लागतं."

लातूर तेव्हा तालुक्याचं गाव होतं. आमचं घर आणि मालकांची तालीम एकाच भिंतीला. भिंतीच्या अलीकडं माझी चूल, पलीकडं कुस्तीचा मातीचा हौदा. बाईनं तिकडं पाऊल टाकायचं नाही, असा नियम. पहाटे भिंतीतून जोरांचे हुंकार यायचे, मांडीवर थाप बसली की ताटल्या हलायच्या. कोण दमला, कोण रडीला आला, कुणाचा पाय मुरगळला, हे मला आवाजावरून कळायचं. कुस्ती मी कानांनी शिकले. डोळ्यांनी बघायची सोय नव्हती.

पैलवानाचं आयुष्य हंगामाचं. दिवाळीनंतर जत्रा सुरू व्हायच्या, त्या उन्हाळा तापेपर्यंत. तेवढ्या महिन्यांत जे मिळेल ते. गाव पंगतीला बसवायचं, फेटा बांधायचं, कुणी चांदीचं कडं घालायचं. आमच्या घरात खुंटी खुंटीला फेटे टांगलेले होते. नव्या नवरीला ते वैभव वाटलं. वर्षभरात कळलं की फेट्याची भाकरी होत नाही.

मग दुष्काळ पडला. बहात्तरचा म्हणतात तो, पण आमच्याकडं त्याच्या आधीपासूनच पाऊस रुसलेला. जत्रा झाल्या त्या नुसत्या नारळ फोडण्यापुरत्या. फड कुठंच भरला नाही. ज्या गावात माणसं पाण्यासाठी रांगेत उभी, त्या गावात पैलवानाला कोण बोलावणार?

त्याच उन्हाळ्यात वडील माझ्या भावाला घेऊन आले. दहा वर्षांचा, मोठ्या पोटाचा, काडीच्या हातापायांचा. दारातच म्हणाले, "ठेवून घे गं ह्याला. आपल्याकडं आडात चिखलबी राहिला न्हाई. पैलवानाच्या घरी घोटभर दूध तरी मिळंल." मी ठेवून घेतला. माहेरून आलेली एक म्हैस होती, ती अजून थोडं देत होती. त्यावर आम्ही तिघं.

आता कुस्तीची माती म्हणजे रानातली माती नव्हे. तांबडी माती चाळायची, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू मुरवायचं, रोज खोरायची, ओलावा राखायचा. वाळली की ती दगड होते आणि पडणाऱ्याचं कातडं सोलून काढते. त्या दिवसांत मी एकदा ताक घुसळून ठेवलं. शेजारची बाळंतीण वाटी घेऊन येणार होती. मी पाण्याच्या रांगेतून परत आले तर मडकं रिकामं. भिंतीपलीकडून फावड्याचा आवाज.

मी दारातूनच ओरडले, "ताक कुठं हाय?"

"मातीत."

"माणसं ताकाला रडून राहिलीत अन् तुम्ही मातीला पाजता?"

मालक शांत. त्यांचा आवाज कधी चढला नाही, हीसुद्धा माझी एक तक्रार आहे. म्हणाले, "माती मेली तर मी बी गेलो की."

"मग जावा!" मी म्हटलं. असं नवऱ्याला बोलू नये. मी बोलले.

दुसऱ्या दिवशी मी दुष्काळी कामावर गेले. रस्त्याची खडी फोडायला. मालक आले नाहीत. त्यांचं म्हणणं, पैलवान मजुरीला गेलेला दिसला की फडात त्याला कुणी तोलाची जोड देत नाही. मला राग आला, पण ते खोटं नव्हतं. लोक पैलवानाला बोलावतात ते त्याच्या दबदब्यासाठी, आणि दबदबा टोपली घेऊन मुकादमापुढं उभा राहिला की संपतो. पण दबदबा जपायला घरात कुणाला तरी खडी फोडावी लागते, हे बोलायला कुणाचं तोंड उघडत नाही. कामावरच्या बायका बोलायच्या ते वेगळंच.

"अगं, तुझा मालक एका हातानं बैल थांबवतो म्हणं. मग हा धोंडा उचलायला पाठव की त्याला!"

"तुझा मालक बैलासारखा दिसतो, त्याला पाठव आधी," मी म्हणायची. हसता हसता हातोडा आपटायची.

दुष्काळ सरता सरता मी एका माणसाची मरायला टेकलेली म्हैस घेतली. त्याला ती जगवता येईना. डाळ मिलच्या दारात सांडलेली चुनी, डाळीचा भुगा, झाडून आणून मी तिला उभी केली, विकली, दुसरी घेतली. असं करत करत जनावरांच्या बाजारात जाऊ लागले. त्या बाजाराची एक रीत आहे. भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि भोवतीच्या माणसांना काही कळत नाही. मी बाई. माझा हात कोण रुमालाखाली घेणार, आणि मी तरी कशी घालू?

एक म्हातारा दलाल हसून म्हणाला, "बाई, हात घालता येत न्हाई तर बाजारात कामून आलीस?"

"तोंड घालायला आले," मी म्हटलं. "माझा भाव उघड्यावर सांगायची मला लाज न्हाई. तुला ऐकायची लाज वाटत आसंल तर कानावर रुमाल टाक."

माणसं हसली. पण नुकसान माझंच होतं. बाकीच्यांचा भाव रुमालाखाली, माझा साऱ्या बाजाराच्या कानात. मी एक आकडा बोलले की शेजारचा त्याच्यावर चढणार. म्हणून मला आवाज मोठा करावा लागला, शिवी आधी द्यावी लागली, उठून निघून जायचं नाटक करावं लागलं. लोक म्हणतात मी तापट. तुम्हीही उघड्यावर सौदे करून बघा.

जत्रा पुन्हा भरू लागल्या तेव्हा मालकांचं अंग उतरलं होतं. खुराक नाही, जोड नाही, सराव नाही. दोन फडांत गेले, पण नवी पोरं त्यांच्या पाया पडायची आणि दुसरीकडं जोड ठरवायची. त्यांच्याशी लढून पडलं तर अपमान, पाडलं तर म्हाताऱ्याला पाडल्याचं पाप. मालकांना शेवटी कुणी पाडलं, असं टपरीवर विचारा. कुणीच पाडलं नाही. त्यांची कुस्ती नुसती थांबली, विहीर आटते तशी. मग ते वस्ताद झाले आणि त्या हौद्याच्या काठावर बसले ते बसलेच.

धाकटा त्या हौद्यात वाढला. काडीचे पाय जाऊन खांबासारखे झाले. त्याची कुस्ती मालकांसारखी नव्हती. मालक समोरच्याला धरून ठेवायचे, आपलं ओझं त्याच्यावर टाकायचे, त्याचा दम काढायचे. धाकट्याला वाट बघणं माहीत नव्हतं. तो थेट पायात शिरायचा. भिंतीतून मला त्याची कुस्ती ओळखू यायची. एक थाप, एक फरफट, आणि लगेच कुणीतरी आदळल्याचा आवाज. मालक म्हणायचे, "घाई करून राहिला. घाईला आयुष्य नसतं." मी भिंतीअलीकडून म्हणायची, "सबुरीला तरी कुठं हाय?"

आणि काळही वेगळा होता. मैदानांना तिकीट लागलं, कर्णे लागले, पुढारी येऊन जोड लावू लागले. त्याहून मोठं म्हणजे गादी आली. माती जाऊन जाड गादीवर कुस्ती, वजनाचे गट, शिट्टी, गुण. जत्रेत कितीही जणांना पाडा, सरकारला ते दिसत नाही. जिल्ह्याच्या निवडीत एका वजनातून एकच जण जाणार, तो राज्याला खेळणार, आणि त्यालाच नोकरी लागणार. आमचा जिल्हा तेव्हा उस्मानाबाद. निवड तिकडं व्हायची, आणि पंचांचं मन तिकडच्याच पोरांवर बसायचं. धाकटा एकदा गेला, हरला नाही, तरी परत आला. कसं ते त्यालाही सांगता आलं नाही.

मग लातूर जिल्हा झाला. गोलाईत, भर बाजारात पेढे वाटले. रंगाऱ्यांना फुरसत नव्हती, जिकडं तिकडं पाट्यांवरचं जुनं नाव खरडून नवं लिहिणं चाललेलं. मला त्या पेढ्याचं काही नव्हतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट. आता निवड इथंच होणार. एका साखर कारखान्याच्या साहेबानं माझ्यासमोर सांगितलं होतं, की जिल्ह्यातून निवडून या, पोराला कामावर घेतो. माझा भाऊ दुसरा मालक होऊ नये, एवढंच मला पाहिजे होतं. पस्तिशीत अंग उतरलं की काठावर बसायचं आणि बायकोनं शेण काढायचं, हे मी एकदा जगले. धाकट्याच्या नशिबात ते येऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

आणि तिथंच अडलं. मालकांचा आणखी एक पठ्ठा होता. त्याचे वडील वसतिगृहात शिपाई. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढं लेझीम खेळणारा, उंच, कमी बोलणारा पोरगा. दुसऱ्या एका तालमीनं त्याला "जागा न्हाई" म्हणून दारातून परत पाठवलं होतं. मालकांनी त्याला हौद्यात घेतलं तेव्हा चार घरच्या पोरांनी येणं सोडलं, तरी मालकांनी मागं बघितलं नाही. तो आणि धाकटा एकाच ताटात जेवलेले. आणि दोघांचं वजन एक.

निवड जवळ आली तसं मालकांनी दोघांना जेवायला बसवलं. मी वाढत होते.

मालक म्हणाले, "एका हौद्यातली पोरं एकमेकांच्या अंगावर जात न्हाईत. माझ्या वस्तादानं मला हेच सांगितलं, मी तुम्हाला हेच सांगूलालो."

धाकटा म्हणाला, "मग एकानं बसायचं. कुणी, ते सांगा वस्ताद."

मालक भाकरी मोडत राहिले.

उंच पोरगा ताटाकडं बघत म्हणाला, "मी बसतो."

मालक म्हणाले, "तू गप. उद्या वस्तीत लोक म्हणतील, मेव्हण्यासाठी पैलवानानं आमचं पोर बसवलं. मला ते ऐकायचं न्हाई."

"मग मी बसतो," धाकटा म्हणाला.

मी पळी पातेल्यावर आपटली. "तू बसणार न्हाईस. अन् तू बी बसणार न्हाईस. अन् अहो, तुम्ही मिठाची गुळणी धरून बसू नका. दोन पोरं अडवून ठेवली तुम्ही, तिसऱ्याच कुणाला तरी जागा देणार."

"मग काय करू? रीत मोडू?"

रीत मोडायची नाही, पोरगं बसवायचं नाही, दोष घ्यायचा नाही. असे अडलेले सौदे मी बाजारात रोज सोडवत होते. दोन्ही बाजूंना मान राहील असा मधला आकडा काढायचा, हेच माझं काम. मी म्हटलं, "तुमची बीदरवाल्याबरोबर झाली तशी होऊ द्या की. दोघांनी जोड घ्यायची, धरून ठेवायचं, कुणी कुणाला पाडायचं न्हाई. मग तुम्ही मधे जाऊन हात वर करा. बरोबरी. पुढं कुणाला पाठवायचं ते पंच बघतील. चिठ्ठी टाकतील, न्हाईतर वय बघतील. दोष त्यांच्यावर."

मालकांचा चेहरा कित्येक वर्षांत तसा उजळला नव्हता. म्हणाले, "ही बाई तालमीत पाहिजे होती."

उंच पोरगा म्हणाला, "काकू, अजून एक भाकर वाढा." धाकटा हसला. सौदा पक्का झाला. त्या दिवशी मला वाटलं, ह्या घरातल्या भिंतीला मी दार पाडलं.

निवड शाळेच्या मैदानावर, मांडवात. गादी हिरवी, मध्ये गोल. आणि मला कळलं की गादीजवळ यायला बायांना बंदी नाही. नियम मातीचा होता, गादीला तो लागू नव्हता. मी पदर खोचून पहिल्या रांगेत जाऊन बसले. दोन पैलवानांना जन्मभर खाऊ घातलं, आणि कुस्ती डोळ्यांनी बघितली ती पहिल्यांदा त्या दिवशी.

शिट्टी झाली. दोघं समोरासमोर आले, हात मिळवले, आणि मानेला मान लावून उभे राहिले. काय दिसत होते! एकाच मातीचे, एकाच तेलाचे. ढकलायचे, थांबायचे, पुन्हा ढकलायचे. पंच शाळेतला खेळाचा मास्तर, पांढऱ्या कपड्यांतला. त्यानं शिट्टी वाजवून हात केला, लढा म्हणून. दोघं पुन्हा तसेच. पुन्हा शिट्टी. मागून कुणीतरी ओरडलं, "नुरा हाय! ठरवून आलेत!" मांडव हसायला लागला.

तेव्हा मालक उठले. धोतर सावरलं, पायताण काढलं, वाकून गादीला हात लावला आणि कपाळाला लावला. मग शांतपणे चालत गोलात गेले, दोघांच्या मध्ये उभे राहिले, आणि दोघांचे हात वर केले.

हलगी वाजली नाही. एकही फेटा उडाला नाही. पंचाला कळेना हे कोण. तो म्हणाला, "बाबा, बाजूला व्हा. इथं यायचं नसतं."

मालक म्हणाले, "बरोबरी."

"बरोबरी नसते इथं."

टेबलावरच्या माणसांनी आपसात डोकी जोडली. मग कर्ण्यावरून सांगितलं, की दोन्ही पैलवान निष्क्रिय, वारंवार सूचना देऊनही लढले नाहीत, म्हणून दोघंही बाद. त्या वजनातून निलंग्याकडचा एक पोरगा गेला. त्याला ह्या दोघांनीही जत्रेत पाडलेलं होतं.

मी टेबलावर गेले. जे बोलायचं ते मोठ्यानं बोलले. "दोघांतला एक घ्या. कुठलाबी घ्या. दोघंबी त्याच्यापेक्षा चांगले हाईत, तुम्हाला ठावं हाय."

चष्म्यातला एक जण म्हणाला, "बाई, हा बाजार नाही."

बाजार असता तर बरं झालं असतं. बाजारात पहिला भाव मोडला की दुसरा बोलता येतो. इथं एकदा बोललं ते संपलं. आणि गादीवर बरोबरी नसते हे त्यांना माहीत होतं, आम्हाला कुणी सांगितलं होतं? जिल्हा नवा, गादी नवी, पाट्या नव्या. पाट्या रंगवायला माणूस होता, तालमीतालमीत जाऊन नियम सांगायला माणूस नव्हता. लोक अजून म्हणतात, बाईच्या अकलेनं दोघं बुडाले. माझा सौदा चोख होता. दुकानदारानं मापच बदललं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, त्यात गिऱ्हाइकाचा काय दोष?

घरी आलो. दारात धाकटा थांबला. मला म्हणाला, "अक्का, तुमच्या दोघांच्या सौद्यात मी म्हैस झालो."

मी त्याच्या थोबाडीत दिली. एवढा मोठा पैलवान, पण गाल चोळत उभा राहिला. मग आम्ही दोघं रडलो. मालक तोपर्यंत फावडं घेऊन माती खोरायला गेले होते.

पुढच्या वर्षीही निवडीत हेच होणार होतं. दोघं त्याच वजनाचे, रीत तीच, वस्ताद तेच. लातुरातून धाकट्याला वाट नव्हती. पण तो जन्मला मुखेड तालुक्यात, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. तिकडून उतरता येत होतं. त्यासाठी तिकडच्या तालमीत नाव घालायचं, तिकडचा वस्ताद करायचा. आपला वस्ताद सोडून दुसऱ्याचं नाव लावणं हे आमच्यात बाप बदलण्यासारखं. मी म्हटलं, "जा. बाप तर तिकडंच हाय आपला."

धाकटा मालकांच्या पाया पडायला गेला. ह्या वेळी मी नियम मोडून हौद्याच्या दारात उभी राहिले.

मालक म्हणाले, "जा. चांगला खेळ. पण दुसऱ्याची माती अंगाला लागली की ह्या घराच्या आत यायचं, ते मी बोलावल्यावर."

"आन् कधी बोलावणार, वस्ताद?"

मालकांनी फावडं उचललं. मी म्हटलं, "बोला की! किती दिवस? एक वर्ष? दोन?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी देवळात भाव करून राहिले.

धाकटा गेला. नांदेडातून निवडून आला, राज्याला गेला, तिथं लवकर हरला. पण एवढ्यावर तिकडच्या एका कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी लागली. पगार, कपडे, राहायला खोली. पाच-सहा वर्षांत त्यानं कुस्तीचा लांग कायमचा सोडला. त्याची कुस्ती तेवढीच. मला पाहिजे होतं ते झालं, ह्यात वाद नाही. उंच पोरगाही पुढं पोलिसात गेला, अजून नागपंचमीला मालकांच्या पाया पडायला येतो, माझ्या हातची पुरणपोळी खाऊन जातो. माझा सख्खा भाऊ मात्र त्या उंबऱ्याच्या आत येत नाही, कारण मालकांनी बोलावलेलं नाही. मी त्याला भेटते ती चाकूरच्या स्टँडवर. नांदेडहून तो येतो, लातूरहून मी. बाकावर बसून डबा खातो आणि आपापल्या गाड्या पकडतो. राखी मी तिथंच बांधते.

आता मालकांचे गुडघे गेले. अंग अजून तसंच जड. पहाटे उठवून बसवायला, न्हाऊ घालायला, ओट्यावर आणून ठेवायला मी एकटी. माझीही कंबर गेली. गेल्या उन्हाळ्यात मी चाकूरला धाकट्यापुढं रडले, तर तो तिथूनच माझ्याबरोबर लातूरच्या गाडीत बसला. गल्लीत आला, आमच्या दारासमोर रस्त्यावर उभा राहिला. मालक ओट्यावर. दोघांच्या मध्ये गटार आणि मी.

मालकांनी त्याला पायापासून वर बघितलं. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "उजवा पाय वाचवून चालूलालाय. विचार त्याला, तेल लावतो का."

धाकटा मला म्हणाला, "अक्का, सांग त्यांना, लावतो."

"कोमट करून लावतो का विचार."

"करतो म्हणावं."

टपरीवरची माणसं माना उंचावून बघत होती. माझं डोकं फिरलं. "अहो, एक अक्षर हाय. ये म्हणा. अन् तू, न बोलावता चढलास तर काय आभाळ पडतं का? तुम्हा दोघांना इतकी वर्षं रांधून घातलं ते ह्यासाठी का?" ह्यावर दोघांनीही खाली बघितलं. दोघांच्या माना सारख्याच वाकल्या. थोरला भारी का धाकटा, ते टपरीवाल्यांनी ठरवावं. मला तर त्या दिवशी एकाच्या जागी दुसरा ठेवला तरी फरक दिसला नसता. एकानं घर सोडलं नाही, दुसऱ्यानं सोडलं. दोघंही त्या हौद्यातून बाहेर पडले नाहीत.

मी रागानं गोठ्यात गेले. म्हशींना पाणी दाखवलं, वेळ लावला. म्हटलं, मी मधून निघाले तर बोलतील. कान भिंतीकडंच होते. परत आले तेव्हा रस्ता मोकळा होता. शेवटची गाडी चुकेल म्हणून तो गेला, असं टपरीवाल्यानं सांगितलं.

मी मालकांना विचारलं, "काय बोललात?"

"काय न्हाई. बराच वेळ उभा होता पोरगा."

"मग बोलवायचं व्हतं."

"बोलवणारच होतो," मालक म्हणाले. "तवर गेला."

त्या रात्री मी चूल पेटवली नाही. ते दूध पिऊन झोपले, मी उपाशी. पहाटे त्यांनी हाक मारली. मी गेले, त्यांच्या काखेत खांदा घातला, आणि त्यांना उठवून बसवलं.